प्रॅक्टिस-बेस्ड पीएचडी (फिल्म, ध्वनी, माध्यमं): प्रस्तावापासून व्हायवापर्यंत

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

परदेशी विद्यापीठांचे अर्ज सुरू झाले की "फिल्म करून पीएचडी मिळते म्हणे, खरं का?" हा प्रश्न इथे निरनिराळ्या धाग्यांवर डोकावतो. उत्तरं विखुरलेली आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मिळते, तिलाच प्रॅक्टिस-बेस्ड पीएचडी म्हणतात. पण नुसती फिल्म चांगली असून भागत नाही. ती करताना कोणत्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं, आणि नुसतं वाचून-लिहून ते का लागलं नसतं, हे दाखवावं लागतं. सगळी मारामारी याच वाक्याशी असते.

मी ब्रिटनपुरतं लिहितोय. भारत आणि बाकी देशांची भर जाणकारांनी घालावी. तिथे वेस्टमिन्स्टर, गोल्डस्मिथ्स, ससेक्स, रॉयल हॉलोवे इथल्या माध्यम विभागांत अशी पीएचडी करता येते. कला आणि डिझाइनकडे कल असेल तर रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. नेहमीचा मानव्यशाखेचा प्रबंध ८० हजार ते १ लाख शब्दांचा. इथे कलाकृती आणि तिच्या जोडीला साधारण ३० ते ५० हजार शब्द. नेमका आकडा विद्यापीठागणिक बदलतो. कोर्सच्या चकचकीत पानावर विसंबू नका, संशोधन पदव्यांच्या नियमावलीची पीडीएफ उघडून बघा. कलाकृती कोणत्या स्वरूपात स्वीकारतात, तेही तिथेच सापडतं.

पूर्णवेळ ३ ते ४ वर्षं, अर्धवेळ साधारण ६ ते ८. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला नोंदणी एमफिलची असते आणि १२ ते १८ महिन्यांत तिचं पीएचडीत 'अपग्रेड' होतं. अपग्रेडला एखादं पूर्ण प्रकरण, उरलेल्या कामाचं वेळापत्रक आणि कलाकामाचा नमुना मागतात. इथे अडकणाऱ्यांचं लिखाण सहसा ठीक असतं. नमुना मात्र त्यांनी "अजून कच्चा आहे" म्हणून दाखवलेलाच नसतो. कच्चाच दाखवायचा असतो.

एक जुना भेद डोक्यात पक्का बसवा. १९९३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचं संशोधन, कलेद्वारे संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन असे तीन प्रकार मांडले. लोकेशन हुडकणं, जुनं फूटेज जमवणं, मुलाखती घेणं हे तिसऱ्यात मोडतं. ते प्रत्येक दिग्दर्शक करतोच. पदवी दुसऱ्याला आहे, आणि बहुतेक प्रस्ताव तिसऱ्याचं वर्णन करून थांबतात.

लोकलप्रवासी

उत्तम धागा. प्रस्तावाचं जरा उदाहरण देऊन सांगाल का? मनात असलेला विषय: मुंबई लोकलमधल्या उद्घोषणांवर ध्वनी-इन्स्टॉलेशन (एखाद्या जागेत आवाज मांडून केलेलं काम). मसुद्यात "शहर, स्मृती आणि ओळख यांचा सर्जनशील शोध" असं वाक्य आहे.

मंद्रसप्तक

ते वाक्य आधी काढून टाका. ते कुठल्याही शहराच्या कुठल्याही कामाला चालतं, म्हणजे इथे त्याचा काही उपयोग नाही.

उद्घोषणा नीट ऐका. "पुढील स्टेशन दादर. अगला स्टेशन दादर." मग इंग्रजी. क्रम ठरलेला, बोलणारं माणूस दिसत नाही, आणि रोजचा प्रवासी त्यातलं फक्त नाव टिपतो, बाकीचं गाळतो. इथे प्रश्न आहे: न दिसणारा आवाज तीन भाषांच्या ठरीव क्रमातून ऐकण्याला वळण कसं लावतो? आणि त्याला जोडून, कलाकामाचा प्रश्न: क्रम, मधली शांतता आणि आवाजाची दिशा बदलली तर ते वळण ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं का?

आता प्रयोग आपोआप सुचतात. एका रचनेत फक्त भाषांचा क्रम उलटा. दुसरीत क्रम तोच, पण दोन भाषांमधली जागा ताणलेली. तिसरीत प्रत्येक भाषा वेगळ्या स्पीकरमधून. एका रचनेत एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर काम कदाचित जास्त देखणं होईल, पण कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही.

सिद्धान्ताची बाजू: स्रोत न दिसणाऱ्या आवाजासाठी पिएर शेफर यांची 'अकूझमॅटिक' ही संकल्पना, आणि मिशेल शिओं यांनी ती सिनेमातल्या आवाजाकडे कशी नेली ते. शिवाय कॅनडाचे आर. मरे शेफर (हे वेगळे शेफर, घोळ करू नका). मूळ आवाज आणि त्याची यांत्रिक पुनरावृत्ती यांच्या फारकतीला ते 'स्किझोफोनिया' म्हणत, आणि त्या शब्दात नाराजी होती. जिथे लाउडस्पीकर हाच रोजचा आवाज आहे त्या शहरात ही नाराजी कितपत लागू पडते? तिथे तुम्हाला भांडायला जागा आहे, आणि प्रस्तावात परीक्षक तीच जागा शोधत असतात.

प्रस्तावाची लांबी बहुतेक ठिकाणी १५०० ते २००० शब्दांच्या आसपास मागतात. त्यातले निदान तीनशे शब्द "काय बनवणार, किती, कशानं, कुठे ऐकवणार" यावर खर्च करा. पोर्टफोलिओत दोन-तीनच कामं द्या. तासाभराची लिंक कोणी पूर्ण बघत नाही, म्हणून कुठून कुठपर्यंत बघायचं ते टाइमकोडसह लिहा.

तळटीप

>> कलाकृती आणि तिच्या जोडीला साधारण ३० ते ५० हजार शब्द

या 'जोडीला' शब्दानं घात होतो. लिखित भाग म्हणजे फिल्मचं रसग्रहण नाही, आणि शूटिंगची डायरीही नाही. "मग मी असं केलं, मग तसं केलं" छापाचा प्रबंध परत येतो. दुसऱ्या टोकाला पहिली ८० पानं नुसता सिद्धान्त आणि मग अचानक "माझी फिल्म" असं प्रकरण. ते तर दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

एक सोपी चाचणी आहे. कुठलंही प्रकरण घ्या आणि त्यातले तुमच्या कलाकामाचे सगळे उल्लेख खोडा. युक्तिवाद तरीही धडधाकट उभा राहिला तर ते काम तिथे सजावटीपुरतं आहे. तो कोसळला पाहिजे.

कलाकामाचा हवाला पुस्तकाच्या पानासारखाच द्यायचा: फाईल ३, ००:१२:४० ते ००:१३:१५. परीक्षकानं वाचन थांबवून कधी बघायचं तेही लिहा. फिल्म आधी बघायची की प्रकरण दोननंतर, हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर सांगायला हवं. नाही सांगितलं तर दोन परीक्षक दोन वेगळ्या क्रमानं बघतात आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) दोन वेगळ्या प्रबंधांवर बोलतात.

आणखी एक. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात पुस्तकं आणि लेख येतात, पण इतरांच्या *कलाकृती* राहून जातात. लोकलप्रवासींचा विषय धरला तर सार्वजनिक आवाजावर झालेली इन्स्टॉलेशन्स, ध्वनिचालीची कामं, रेडिओ-रचना यांचा आढावा तितकाच कसून लागेल. "याआधी कोणी केलं नाही" हे विधान कलाकृती धुंडाळल्याशिवाय करू नका.

कॅमेराकाका

तळटीपताईंशी सहमत, पण डायरी पूर्ण हद्दपार करू नका. प्रबंधात तिला जागा नाही, टेबलावर आहे. एडिटला बसलात की उठताना दहा ओळी: तारीख, आवृत्ती क्रमांक, काय बदललं, का, आणि बदलल्यावर काय दिसलं. शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा आणि सगळे तोच रिकामा ठेवतात. तीन वर्षांनी "हा शॉट का काढला?" याचं उत्तर स्मरणातून देता येत नाही, देता आलं तरी ते रचलेलं असतं.

प्रोजेक्ट फाईलवर कधीही ओव्हरराइट करू नका. व्ही०१, व्ही०२ असं पुढे जा, आणि प्रत्येक टप्प्याची हलकी एक्स्पोर्ट ठेवा. टाकून दिलेले कट हाच तुमचा पुरावा असतो.

जागेचा हिशोब आधी करा. १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू (दर्जा राखणारा, पण जड फाईलचा व्हिडिओ-प्रकार) म्हणजे सेकंदाला साधारण १८४ मेगाबिट, तासाला जवळपास ८३ जीबी. तोच तास एच.२६४ या हलक्या प्रकारात १० मेगाबिटनं काढला तर साडेचार जीबी. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह: तासाला सुमारे १ जीबी. म्हणजे मास्टर प्रोरेसमध्ये, आवृत्त्या आणि परीक्षकांची प्रत एच.२६४ मध्ये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. जमा करताना प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा) काढून तो मजकूर-फाईलमध्ये सोबत द्या. फाईल उघडली नाही तर ती कॉपी करताना बिघडली की मुळात तशीच होती, हे लगेच कळतं.

ब्राउझर_बाबा

वेबवर चालणारं किंवा इंटरअ‍ॅक्टिव्ह काम करणाऱ्यांनी आत्ताच सावध व्हा. अडोबीनं फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि त्यावर बांधलेली कामं साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. तुमचं काम गेम-इंजिनच्या एखाद्या आवृत्तीवर किंवा कुणाच्या नकाशा-सेवेवर उभं असेल तर तीच पाळी येऊ शकते. शिवाय सेवा फुकटची मर्यादा बदलते, की चालू आणि बंद यांच्या मधलं काहीतरी होतं: पान उघडतं, पण चौकोन रिकामे. परीक्षकाला वाटतं हीच तुमची कल्पना.

म्हणून तीन गोष्टी जमा करा. ऑफलाइन चालणारी प्रत, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती लागते त्याची यादी, आणि कुणीतरी ते काम *वापरत असतानाचं* विनाकट स्क्रीन-रेकॉर्डिंग, वीसेक मिनिटांचं. निवडक क्षणांचा ट्रेलर चालत नाही, कारण वापरताना माणूस कुठे चुकतो, अडखळतो, कंटाळतो, हेच बघायचं असतं.

लोकलप्रवासी

इन्स्टॉलेशनचं काय करायचं? प्रदर्शन दुसऱ्या वर्षी आणि व्हायवा चौथ्या वर्षी असं झालं तर परीक्षकांनी ते ऐकायचं कसं?

कॅमेराकाका

हा खरा पेच आहे. प्रदर्शनाच्या वेळी परीक्षक नेमलेलेही नसतात. तीन मार्ग. एक, व्हायवाच्या दिवशी विद्यापीठातच काम पुन्हा मांडणं. त्यासाठी खोली आणि साधनं सहा महिने आधी लेखी मागा. सत्र चालू असताना आठ स्पीकर आणि एक काळोखी खोली दोन दिवस मोकळी मिळणं अवघड असतं. दोन, प्रबंध जमा करण्याच्या सुमाराला प्रदर्शन ठेवून परीक्षकांची नेमणूक आधी करून घेणं. तीन, दस्तऐवजीकरणावर भिस्त.

तिसरं करायचं तर: खोलीचा मोजमापांसह आराखडा, स्पीकरच्या जागा आणि जमिनीपासूनची उंची, प्रत्येक चॅनेलची वेगळी वेव्ह फाईल, स्टँडवरच्या स्थिर कॅमेऱ्यानं एक अख्खं आवर्तन, आणि ऐकणाऱ्याच्या जागेवरून केलेलं बायनॉरल (दोन कानांच्या जागी दोन माइक ठेवून केलेलं) रेकॉर्डिंग. साध्या स्टिरिओ मिक्समधून दिशा हरवते, आणि तुमचा प्रश्नच दिशेचा आहे. रेकॉर्डिंग उद्घाटनाच्या गर्दीत करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंखे आणि एसी बंद करून करा, आणि एकदा लोक असताना वेगळं.

निळी_फाईल

कोणी परवानग्यांचं बोललं नाही, म्हणून मी.

विद्यापीठाच्या एथिक्स (नीतिविषयक) समितीची मंजुरी चित्रीकरणाच्या *आधी* लागते. नंतर मागितली तर देत नाहीत, आणि आधी जमवलेल्या मुलाखती प्रबंधात वापरता येत नाहीत. सुट्टीत भारतात आलो, सहज शूट केलं, असं म्हणून चालत नाही. संमतिपत्र मराठीतच करा आणि त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मुलाखत देणं, चेहरा दाखवणं, खरं नाव वापरणं, इंटरनेटवर ठेवणं. एकच सही घेतली तर माणूस चौथ्या गोष्टीला नाही म्हणाला की पहिल्या तिन्हीही जातात. माघार कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल तेही लिहा, नाहीतर फायनल कटनंतर फोन येतो.

रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी लागते. विद्यापीठाचं पत्र जोडून मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करा; नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असला तरी पत्र जवळ असू द्या. ड्रोन असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. किल्ल्यावर शूट असेल तर आधी तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, ते शोधा, म्हणजे अर्ज योग्य टेबलावर जाईल.

कॉपीराइट: भारतीय कायद्यात संशोधन, टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा कलम ५२ मध्ये आहे. भारतात सिनेमावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. ब्रिटनमध्ये मात्र मुख्य दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि त्या सिनेमासाठी संगीत देणारा संगीतकार, यांतल्या शेवटच्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. इथे मुक्त झालेला सिनेमा तिथे मुक्त असेलच असं नाही, आणि तुमचा प्रबंध तिथल्या संग्रहात जाणार. त्यावर रूढ तोडगा असा: परीक्षेसाठी पूर्ण प्रत, आणि ऑनलाइन संग्रहासाठी इतरांचा मजकूर काढलेली दुसरी प्रत. दोन्ही एकाच वेळी तयार करा. नोकरी लागल्यावर दुसरी प्रत करायला कुणाला वेळ नसतो.

शेवगा

पैशांचं बोला की लोकहो.

निळी_फाईल

बोलूया. ब्रिटनच्या संशोधन मंडळांचे डॉक्टरल निधी २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुले झाले, पण प्रवेशांत त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ चा किमान भत्ता वर्षाला २०,७८० पौंड. परदेशी फी आणि देशी फी यांतला फरक विद्यापीठ भरणार का, हा प्रश्न ईमेलवर लेखी विचारा. व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या मुदतीचा एकदम आगाऊ.

आपल्याकडच्या योजनांत दोन खाचखळगे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले. मुंबईच्या लोकलवरचा विषय तिथे अडू शकतो, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. दुसरं, राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती *एकूण* क्रमवारी असते. या क्षेत्रातली नावाजलेली विद्यापीठं विषयवार यादीत वर असतात, पण गोल्डस्मिथ्ससारखं विद्यापीठ एकूण यादीत पहिल्या दोनशेत येत नाही.

आणि फिल्मवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. फ्रीलान्स एडिटिंग, लग्नाचं शूट, इन्व्हॉइस फाडून केलेलं कुठलंही काम बाद. नोकरी आठवड्याला २० तास, आणि पीएचडीला उन्हाळी सुट्टी म्हणून सूट नाही. मानधन घेऊन फिल्म कुणाला द्यायची असेल तर सही करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र फ्रीलान्स चालतं. कुटुंब सोबत नेता येतं. जानेवारी २०२४ पासून शिकवण्या-परीक्षांच्या एमएला ती सोय राहिली नाही, संशोधन पदवीला राहिली.

विद्यापीठ_चौक

भारताची भर घालतो. इथे सगळं यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीवर चालतं: किमान ३, कमाल ६ वर्षं, किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी. म्हणून अर्जाआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते विचारा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००.

अडचण अशी की ही सगळी नियमावली 'प्रबंध' गृहीत धरून लिहिलेली आहे. फिल्म किंवा प्रदर्शन मूल्यमापनात कसं धरायचं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यादेशात असलं तर असलं. नसेल तर व्यवहारात पूर्ण लांबीचा प्रबंध लिहावा लागतो आणि फिल्म पेन ड्राइव्हवर परिशिष्ट म्हणून जाते. मार्गदर्शक तोंडी "होऊन जाईल" म्हणाले तरी परीक्षा विभागाचं लेखी घ्या. आंबेडकर विद्यापीठ दिल्लीचा कल्चर अँड क्रिएटिव्ह एक्स्प्रेशन्स विभाग आणि पवईच्या आयआयटीतली आयडीसी ही डिझाइन-शाळा ही या बाबतीत आधी चौकशी करण्याजोगी ठिकाणं.

तळटीप

>> फिल्म पेन ड्राइव्हवर परिशिष्ट म्हणून जाते

मग ती प्रॅक्टिस-बेस्ड राहिली कुठे? तो नेहमीचा प्रबंध झाला, वर फिल्मचा भुर्दंड.

विद्यापीठ_चौक

मान्य. पण नोकरी इथेच करायची असेल तर हा भुर्दंड परवडतो, हेही तितकंच खरं. शिवाय सामग्री इथे आहे: पुण्याचं फिल्म अर्काइव्ह, आणि घरबसल्या पॅड.मा (२००८) व इंडियनसिने.मा (२०१३). या दोन्ही संग्रहांत व्हिडिओवर टाइमकोडनिशी टिपणं जोडता येतात. तुम्ही वर सांगितलेल्या हवाल्याच्या पद्धतीचा सराव तिथेच करा.

फ्योर्डवाली

थोडक्यात बाकीचे देश. ऑस्ट्रेलियात हे फार आधी रुजलं. वॉलाँगाँग विद्यापीठाची डॉक्टर ऑफ क्रिएटिव्ह आर्ट्स १९८४ ची. लिखित भागाला तिथे 'एक्सजेसिस' म्हणतात. परीक्षा अनेकदा फक्त लेखी अहवालांवर होत आली आहे, व्हायवाशिवाय, त्यामुळे दस्तऐवजीकरण कच्चं असेल तर तोंडी सावरायला संधी नाही. नॉर्वेत कलासंशोधनाची स्वतंत्र पीएचडी २०१८ पासून आहे. तिथे फेलो हा पगारी कर्मचारी असतो, आणि सोबतचं चिंतन कोणत्या माध्यमात मांडायचं हे उमेदवार ठरवतो. जागा मोजक्या आणि स्पर्धा मुख्यतः कलाकृतीच्या बळावर.

लोकलप्रवासी

व्हायवात नेमकं काय विचारतात?

तळटीप

ब्रिटनमध्ये परीक्षक सहसा दोन, एक अंतर्गत आणि एक बाहेरचा. मार्गदर्शक परीक्षक नसतो. हमखास येणारे प्रश्न: कोणती आवृत्ती प्रबंधाचा भाग आहे? (महोत्सवाला वेगळा कट पाठवला असेल तर गोंधळ होतो.) सहकाऱ्यांनी काय केलं आणि तुम्ही काय? ध्वनिमुद्रक, संकलक वेगळे असतील तर संशोधनाचे निर्णय कुणाचे, हे प्रबंधातच लिहिलेलं हवं. हीच फिल्म दुसऱ्या कुणी केली असती तर तुमचा युक्तिवाद उरला असता का? आणि कुठला प्रयोग फसला? शेवटच्याला "सगळं जमलं" हे सगळ्यात वाईट उत्तर.

निकाल बहुधा किरकोळ दुरुस्त्या, साधारण तीन महिन्यांच्या. मोठ्या दुरुस्त्या आल्या तर नीट विचारा की त्या लेखनात आहेत की कलाकृतीत. री-एडिट सांगितला तर कोणता दृश्यखंड आणि कोणत्या कारणासाठी, हे अहवालात लेखी आलं पाहिजे, नाहीतर सहा महिने अंदाजपंचे कापत बसाल.

अवांतर: चालू कामातला एखादा तुकडा आधीच समीक्षित प्रकाशनात गेला तर व्हायवात वजन पडतं. स्क्रीनवर्क्स हे नियतकालिक फिल्मसोबत संशोधन-विधान मागतं आणि समीक्षकांचे अहवालही छापतं. ध्वनी आणि इन्स्टॉलेशनसाठी जर्नल फॉर आर्टिस्टिक रिसर्च, २०११ पासून. स्क्रीनवर्क्सचे छापील अहवाल वाचलेत तर परीक्षक कसा विचार करतात ते फुकटात कळेल.

लोकलप्रवासी

सगळ्यांचे आभार. "स्मृती आणि ओळख" काढलं. तीन रचनांऐवजी चार केल्या तर? चौथीत उद्घोषणा पूर्ण गाळून फक्त डब्याचा आवाज.

मंद्रसप्तक

चौथी हवीच, तीच तुलनेचा आधार. पण ती पहिल्यांदा ऐकवा. इतर तिन्हींच्या नंतर ऐकवलीत तर लोक गाळलेला आवाज मनातल्या मनात भरून घेतील. किंवा दोन्ही क्रम करून बघा आणि फरक पडतो का ते नोंदवा. तसं केलंत तर अपग्रेडच्या प्रकरणाला विषय मिळाला.